घराची किंमत आणि घरावरचं देणं

कर्जत आणि खालापूर तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांवर, नेरळच्या चाळींत, खोपोलीच्या कामगार वस्त्यांत हा कार्यक्रम ऐकणाऱ्या सगळ्या ताया, मावश्या आणि काकूंसाठी आजचं हे बोलणं.

गटाच्या बैठकीत अलीकडे एक प्रश्न सारखा निघतो. पेपरात बँकेची जाहिरात येते. कुणीतरी कर्ज फेडलेलं नसतं, म्हणून बँक त्याचा फ्लॅट विकायला काढते. नेरळ, भिवपुरी, कर्जत, खोपोली अशी आपल्या ओळखीची नावं त्यात असतात आणि किंमत बाजारापेक्षा कमी दिसते. मग एखादी विचारते, "ताई, घेऊ का? गटाची बचत आहे, थोडं सोनं आहे, बाकीचं कर्ज काढू."

घ्या किंवा घेऊ नका, यातलं काहीच मी सांगणार नाही. आज मी तुम्हाला इतिहास सांगणार आहे. कर्जात बुडालेलं घर किंवा जमीन स्वस्तात विकली जाणं आपल्याकडे नवं नाही. आकडा एक सांगायचा आणि देणं मागाहून काढायचं, हेही नवं नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी ते सोसलं, त्याविरुद्ध लोक उठले आणि त्यातून कायदे झाले. ते कायदे कुठपर्यंत पोचले आणि कुठे थांबले हे समजलं, की पेपरातली जाहिरात कशी वाचायची तेही समजेल.

सावकाराचा कागद

घाटावर पुणे जिल्ह्यात सुपे नावाचं गाव आहे. १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी तिथल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. त्यांना पैशाअडक्यापेक्षा हवे होते ते कर्जरोखे. ते कागद त्यांनी काढून घेतले आणि जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत तसंच झालं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

कागदावर एवढा राग का? कागदात लिहिलेली रक्कम आणि हातात आलेली रक्कम यांचा मेळच नसे. कर्ज देतानाच काही पैसे कापून घेतले जात. मुदत संपली की व्याज मुद्दलात मिसळून नवा कागद होई. लिहिणाराही सावकाराचा, आणि अंगठा देणाऱ्याला अक्षर ओळखता येत नसे. काही वर्षांनी शंभराचं कर्ज कित्येक पट झालेलं असे आणि जमीन सावकाराच्या नावावर जाई.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. त्यात एक मोठी गोष्ट होती. कागदावर काहीही लिहिलेलं असो, कोर्टाला मागचा सगळा हिशेब उघडून पाहता येऊ लागला. शेतकऱ्याचे कागद सरकारी नोंदणी करणाऱ्यासमोर व्हावेत, अशीही सोय झाली.

आणखी एक प्रकार होता, तो आजही आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असेल: मुदतखरेदी. कागद खरेदीखताचा करायचा आणि तोंडी सांगायचं, "पैसे आणून दे, जमीन परत देतो." पैसे आणले की सावकार कागद दाखवी. हे तर खरेदीखत, परत कसलं? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात १९२९ साली दुरुस्ती झाली. परत देण्याची अट त्याच कागदात लिहिलेली असेल तरच तो व्यवहार गहाण धरला जाईल, असं ठरलं. मैत्रिणींनो, तोंडी शब्दाला कायदा किती मोजतो हे तेव्हापासून स्पष्ट आहे.

खोताच्या पट्ट्या

आता घाट उतरून आपल्या जिल्ह्यात येऊ. तेव्हा याचं नाव कुलाबा जिल्हा होतं, रायगड हे नाव १९८१ साली मिळालं. इथे खोती होती. कुळाने राबायचं आणि ठरलेला खंड खोताला द्यायचा. तेवढ्यावर भागलं असतं तर कुळाने पोट तरी भरलं असतं. पण खंडाच्या वर नाना प्रकारच्या पट्ट्या असत आणि वेठ असे. हा सगळा भार खंडाच्या आकड्यात दिसत नसे.

अलिबागजवळच्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी कुळांनी ठरवलं की जमीन कसायचीच नाही. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. घरात दाणा नाही, हाताला काम नाही, अशा हालात तो संप सुमारे सहा वर्षं चालला. बायांनी लाकूडफाटा विकून घरं चालवली असणार, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती बंद करण्याचं विधेयक मांडलं. पुढच्या जानेवारीत कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांनी मुंबईत मोर्चा काढला. खोती रद्द करण्याचा कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं.

घाटावरचा रोखे जाळणारा शेतकरी आणि चरीचं कूळ, दोघांची मागणी एकच होती: काय द्यायचं ते आधी सांगा, लिहून सांगा, आणि लिहिलंय त्याच्या वर मागू नका.

जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या

आपल्या भागात रेल्वे फार लवकर आली. १८५६ साली गाडी खोपोलीपर्यंत पोचली होती, आणि १८६३ साली बोरघाट फोडून ती पुण्याकडे गेली. खोपोलीला टाटांचं वीजकेंद्र १९१५ साली सुरू झालं, पुढे कारखाने आले. २००२ च्या सुमारास मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला आणि मुंबईत घर न परवडणारा माणूस कर्जत, नेरळ, खोपोलीकडे पाहू लागला. जिथे भात होत होता तिथे चार-चार मजली इमारती झाल्या.

नवीन घर घेणाऱ्याला फसवणुकीपासून वाचवायला महाराष्ट्राने १९६३ सालीच सदनिकांचा कायदा केला होता. बिल्डरने जमिनीचे हक्क दाखवावेत, करारनामा नोंदवावा, इमारत ताब्यात देईपर्यंतची पट्टी आणि कर त्याने स्वतः भरावेत, असं त्यात आहे. २०१६ साली केंद्राचा रेरा कायदा आला आणि २०१७ पासून महाराष्ट्रात महारेराचं काम सुरू झालं. प्रकल्पाची माहिती आता मोबाईलवर पाहता येते.

एका माणसाने दुसऱ्याला घर विकलं, तर त्यासाठीही नियम आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो की विक्रीच्या दिवसापर्यंतचे सरकारी कर आणि देणी विकणाऱ्याने भरायची. करारात वेगळं लिहिलं असेल तरच ते बदलतं. म्हणजे १८७५ पासून मागणी होती ती बऱ्याच अंशी पुरी झाली. बँकेच्या लिलावात मात्र गाडी उलटी फिरते.

२००२ चा कायदा आणि "जसे आहे जेथे आहे"

बुडीत कर्जं वसूल करायला कोर्टात वर्षानुवर्षं जात, म्हणून २००२ साली सरफेसी कायदा आला. कर्ज थकलं की बँक साठ दिवसांची नोटीस देते. पैसे आले नाहीत तर कोर्टाचा हुकूमनामा न घेता ती घराचा ताबा घेऊ शकते आणि लिलाव करू शकते. सहकारी बँकांनाही हा अधिकार आहे का, यावर बराच काळ वाद होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात ५ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने "आहे" असं सांगितलं. शेतजमिनीला आणि एक लाखापर्यंतच्या कर्जाला हा कायदा लागत नाही.

लिलावाच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास असतं: मालमत्ता "जसे आहे जेथे आहे, जसे आहे जे आहे" या तत्त्वावर विकली जाईल. याचा साधा अर्थ असा, की घर गळतंय, आत कुणी राहतंय, पट्टी थकलीय, सोसायटीचं देणं आहे, जे काही असेल त्यासकट घ्या. विकणाऱ्याने देणी फेडायची हा जुना नियम इथे बाजूला राहतो आणि शोध घेण्याचं काम घेणाऱ्याच्या गळ्यात येतं. बँकेला माहीत असलेले बोजे नोटिशीत सांगणं तिच्यावर नियमाने बंधनकारक आहे. पण बँकेला जे माहीत नाही किंवा तिने विचारलंच नाही, त्याची जबाबदारी ती घेत नाही.

लिलावाशिवाय आणखी एक वाट असते. अमेरिकेत २००७-०८ साली घरांच्या किमती कोसळल्या. कर्ज जास्त आणि घराची किंमत कमी, अशी लाखो कुटुंबांची गत झाली. तेव्हा तिथे मालक बँकेच्या परवानगीने कर्जापेक्षा कमी किमतीत घर विकत आणि बँक तेवढ्यावर समाधान मानी. त्याला तिथे शॉर्ट सेल म्हणतात. आपल्याकडे त्याच्या जवळचा प्रकार म्हणजे एकरकमी तडजोड. मालक गिऱ्हाईक शोधतो आणि बँक ठराविक रक्कम घेऊन बोजा उतरवायला तयार होते. स्वस्त घराच्या आशेने आलेल्या तिथल्या गिऱ्हाइकापुढेही आधीच्या मालकाचे थकलेले कर आणि सोसायटीची देणी यायची. देश वेगळा, पण घरामागून देणं येण्याची तऱ्हा तीच.

तडजोडीच्या व्यवहारात मालकाच्या हातात रोख देऊ नका. बँकेचं मंजुरीचं पत्र स्वतः वाचा, त्यातली रक्कम आणि मुदत पाहा, आणि पैसे थेट त्या कर्जखात्यात भरा. कर्ज फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत द्यायचे, उशीर झाला तर कर्जदाराला दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

मागून येणारे खर्च

आता लिलावाचा हिशेब एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट वेळेची. बोली लावण्याआधी इसारा रक्कम भरावी लागते. बोली तुमच्या नावावर सुटली की इसारा धरून पंचवीस टक्के रक्कम लगेच, फार तर दुसऱ्या दिवशी, भरायची. उरलेले पंचाहत्तर टक्के बँकेने विक्री कायम केल्यापासून पंधरा दिवसांत. बँकेने लेखी मान्य केलं तर मुदत वाढते, पण तीन महिन्यांच्या वर नाही. कर्ज मंजूर व्हायला उशीर झाला आणि पैसे भरले गेले नाहीत, तर भरलेली रक्कम जप्त होते. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानेही अशी जप्ती योग्य ठरवली. बारा लाखांच्या घरात हे तीन लाख होतात. म्हणून कर्जाचं पत्र हातात आल्याशिवाय बोलीला हात घालू नका.

दुसरी गोष्ट सरकारी शुल्काची. विक्री प्रमाणपत्रालाही खरेदीखतासारखंच मुद्रांक शुल्क लागतं. दर घर ग्रामपंचायतीत आहे की नगरपरिषदेत, यावर ठरतो. शिवाय एक टक्का नोंदणी फी, जास्तीत जास्त तीस हजार. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात फक्त स्त्रीच्या नावाने राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. आपल्या व्यवहाराला ती मिळेल का, हे दुय्यम निबंधक कार्यालयात आधीच विचारा.

तिसरी गोष्ट सोसायटीच्या थकबाकीची. ज्याने बँकेचे हप्ते भरले नाहीत, त्याने सोसायटीचा मेंटेनन्स तरी कुठून भरलेला असणार? सोसायटी ती रक्कम व्याजासह नव्या मालकाकडे मागते, आणि ती चुकती झाल्याशिवाय सभासद करून घेत नाही. हस्तांतर फी मात्र पाचशे रुपयेच आहे. हस्तांतर अधिमूल्याला सरकारने कमाल मर्यादा घातली आहे. मोठ्या शहरांत ती पंचवीस हजार आहे, लहान गावात त्याहून कमी. देणगी म्हणून त्याच्या वर मागितलं तर द्यायची गरज नाही.

चौथी घरपट्टी आणि पाणीपट्टी. ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत जाऊन त्या घर क्रमांकाचा थकबाकीचा उतारा मागा.

पाचवी वीज. १९ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात निकाल दिला, की नियमांत तरतूद असेल तर जुन्या मालकाचं थकलेलं बिल लिलावात घर घेणाऱ्याकडून मागता येतं. महावितरणच्या कार्यालयात ग्राहक क्रमांक देऊन आकडा काढा.

सहावी, आणि सगळ्यांत महाग पडणारी, ताब्याची. जाहिरातीत "सांकेतिक ताबा" लिहिलं असेल तर बँकेने दारावर फक्त नोटीस लावलेली असते. आत माणसं राहत असतात. "प्रत्यक्ष ताबा" म्हणजे कुलूप बँकेचं. सांकेतिक ताब्याचं घर स्वस्त दिसतं, पण माणसं बाहेर निघेपर्यंत तुमचं घरभाडं आणि कर्जाचा हप्ता दोन्ही चालू राहतात. जुन्या मालकाने कर्ज वसुली न्यायाधिकरणात दावा लावलाय का, हेही बँकेला लेखी विचारा.

एक उदाहरण मांडू. समजा, नेरळकडचा एक फ्लॅट बारा लाखांना सुटला. मुद्रांक शुल्क सहा टक्के धरलं तर ७२,००० रुपये. नोंदणी १२,०००. मेंटेनन्स महिना दीड हजार, चार वर्षं थकलेला, म्हणजे ७२,००० आणि वर व्याज. घरपट्टी वर्षाला तीन हजार धरून चार वर्षांची १२,०००. विजेचे ८,०००. झाले १,७६,०००. बंद घराची गळती, संडास-मोरी, वायरिंग यांना लाखभर गेले तर पावणेतीन लाखांच्या वर आकडा जातो. मग ते घर बारा लाखांचं राहत नाही, जवळजवळ पंधरा लाखांचं होतं. कदाचित तरीही ते परवडेल. पण हे बोलीआधी माहीत असेल तर तुम्ही दहावर थांबाल.

बंगला, चाळीतली खोली किंवा प्लॉट असेल तर सातबारा पाहा. "इतर हक्क" या रकान्यात बोजे लिहिलेले असतात. जमीन बिनशेती झाली आहे का ते पाहा. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही. आपल्या दोन्ही तालुक्यांत ठाकूर आणि कातकरी बांधवांच्या जमिनी आहेत, त्यामुळे हे विसरून चालणार नाही.

ज्या घराचा लिलाव होतो त्या घरातली बाई

लिलावाच्या नोटिशीत कर्जदाराच्या नावाखाली पुष्कळदा त्याच्या बायकोचं नाव असतं, सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून. नवरा म्हणाला, "इथे सही कर," आणि तिने केली. दीडशे वर्षांपूर्वीचा अंगठा आणि ही सही यांत मला फारसा फरक दिसत नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी नोटीस आली असेल, तर ती देवघरामागे खोचून ठेवू नका. साठ दिवसांच्या आत बँकेला लेखी हरकत देता येते आणि बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बँकेने ताब्याचं पाऊल उचललं तर पंचेचाळीस दिवसांत न्यायाधिकरणात जाता येतं. पूर्वी विक्री होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता येई. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तो हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच उरला आहे. म्हणून तडजोडीचं बोलणं त्याच्या आधी व्हायला हवं. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा.

आणि घेणाऱ्या मैत्रिणीलाही एक सांगते. आपण जे घर स्वस्तात पाहतो, ते कुणाचं तरी मोडलेलं घर असतं. ते घेण्यात पाप नाही. पण त्या बाईने न वाचता सही केली म्हणून तिचं घर गेलं, आणि आपणही न वाचताच सही केली, तर तिच्याकडून आपण काहीच शिकलो नाही.

पुढच्या मासिक बैठकीला पेपरातली लिलावाची एक खरी नोटीस कापून आणा. लिहिता-वाचता येणाऱ्या मुलीला ती मोठ्याने वाचायला लावा. राखीव किंमत, इसारा रक्कम, ताबा कोणता, माहीत असलेले बोजे, पैसे भरायची तारीख, या पाच गोष्टी गटाच्या वहीत लिहून काढा. मग तिघींनी जाऊन सोसायटी, ग्रामपंचायत आणि महावितरण या तीन ठिकाणी चौकशी कशी करायची, ते ठरवा. घर कुणी घेवो न घेवो, नोटीस वाचता येणाऱ्या बायका गटात तयार होतील. सुप्याच्या शेतकऱ्यांना कागद जाळावे लागले, कारण ते वाचता येत नव्हते. आपल्याला येतात.